पेटीतलं कुलूप

सरकारी शिक्का मिळाला त्या दिवशी धाकटीने अख्ख्या ऑफिसला चहा पाजला होता. शिक्का कसला, तर तिच्या गटाने बनवलेल्या कंटेनर सॉफ्टवेअरमधलं एन्क्रिप्शन, म्हणजे माहितीचं कुलूप, सरकारी मानकात बसतं, याचा. कंटेनर म्हणजे एक पेटी. प्रोग्रॅम आपलं सगळं बिऱ्हाड घेऊन तिच्यात बसतो, मग पेटी कुठल्याही मशिनवर नेऊन ठेवा. काम सगळं ओपन सोर्स, म्हणजे चव्हाट्यावरचं. कोड कुणीही वाचावा, चूक कुणीही दाखवावी. गटातल्या हौशी मंडळींना नियम म्हटलं की झोप यायची. या लष्कराच्या भाकऱ्या धाकटीने मात्र मागून घेतल्या होत्या.

त्याला कारण तिची ताई. नवऱ्याचा मार सोसून सोसून ताई दोन वर्षांपूर्वी नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडली. महिला संरक्षण कार्यालयाने तिला कुठेतरी लपवलं आणि गळ्यात एक बटण दिलं. बटण दाबलं की पत्ता थेट पोलिसांकडे जायचा. तो पत्ता कार्यालयाच्या संगणकांवर, धाकटीच्या गटाच्याच पेट्यांत होता. आईला माहीत नव्हता, धाकटीलाही नाही. फोनवर तासभर बोलावं, पण कुठे आहेस हे विचारू नये, असं ठरलेलं. आणि दाजी काही गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्या कार्यालयाचं नेटवर्क ज्या कंत्राटदाराकडे, त्याच्याकडेच त्यांनी नोकरी धरली. धाकटीने तक्रार केली, तर "डेटा कुलूपबंद असतो हो" असं उत्तर आलं. तेव्हा तिने कुलपाचंच काम हातात घेतलं.

आज सकाळी संगणक उघडला तर गटाच्या फलकावर कुणा विद्यार्थ्याचा प्रश्न होता. 'मंजूर कुलूप आहे का, असं तुमची चाचणी मशिनला विचारते. पेटीला कोण विचारतं?'

धाकटी आधी हसली. आले मोठे शिकवायला! मग तिने आपलीच चाचणी उघडून वाचली. पोरगा बरोबर होता. चाचणी मशिनला विचारत होती, मशिन इमानदारीत होकार देत होतं, आणि पेटी मात्र बिऱ्हाडाबरोबर स्वतःचं जुनंच कुलूप घेऊन आली होती. त्याची खोट साऱ्या जगाला ठाऊक होती. गडी म्हणाला दार लावलंय, आणि मालकीण निवांत झोपली, अशातली गत. मालकीण म्हणजे धाकटीच.

प्रश्न कालच टाकलेला होता. त्याखाली पसंतीचा एकच अंगठा होता, दाजींचा. खरं नाव, खरा फोटो, काही लपवालपवी नाही. पेटी म्हणजे काय हे तिला पहिल्यांदा दाजींनीच समजावलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत. शिकवायचे फार छान.

तिने कार्यालयात फोन लावला.

"मॅडम, सगळं बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"काय बोलताय तुम्ही?" अधिकारी बाई म्हणाल्या. "बंद केलं तर बटणंही बंद पडतील. पत्ते तर मलासुद्धा दिसायचे नाहीत."

"आमच्या पेट्यांतलं कुलूप जुनं निघालंय. मंजूर कुलूप नसेल तर पेटीने सुरूच व्हायचं नाही. सरकारचाच नियम आहे."

"नियम मला नका शिकवू. नवीन पेट्या कधी देताय?"

"दुपारपर्यंत देते."

"आणि तोवर एखादीने बटण दाबलं तर?"

इकडे आड, तिकडे विहीर. "चालू ठेवलंत तर कंत्राटदाराकडचा तो ताईचा नवरा सगळ्याजणींचे पत्ते वाचेल," धाकटी कशीबशी म्हणाली.

"करते बंद," बाई म्हणाल्या.

धाकटीच्या पडद्यावरचे, कार्यालयाच्या चालू पेट्यांचे हिरवे ठिपके एकेक करून विझले. आता ताईला सांगायला हवं होतं, की बटणावर विसंबू नकोस, चार लोकांत जाऊन बस. फोन वाजत राहिला. दहा मिनिटांत तीनदा लावला, तेव्हा कुठे उचलला गेला.

"छोटे," ताई अगदी बारीक आवाजात बोलली. "बटण दाबलंय गं मी. मघाशीच. अजून कुणी कसं आलं नाही?"

धाकटीने विझलेल्या ठिपक्यांकडे पाहिलं.

"तो दाराबाहेर आहे. हाका मारतोय. गोड बोलतोय."

धाकटीने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा दंड धरला. "पोलिसांना लाव!" त्याने लावला आणि खुणेनेच विचारलं, कुठे?

"ताई, पत्ता सांग."

"सांगायचा नाही ना तो? तूच म्हणायचीस."

"ताई, सांग गं!"

ताईने सांगितला. गल्ली, इमारत, मजला, डावीकडचं दार. दोन वर्षं जो पत्ता कुणाच्या कानी पडू नये म्हणून धाकटीने जिवाचं रान केलं, तोच ती भर ऑफिसात एकेक शब्द तोडून ओरडून सांगत होती. सहकारी तो पोलिसांना परत सांगत होता. लोक खुर्च्या सरकवून उभे राहिले होते. आणि तिच्या कानाशी ताई, सवयीनेच, दबक्या आवाजात दटावत होती.

"अगं, हळू बोल. कुणी ऐकेल."