ताळ्याची जोडी

चुरीसाहेबांच्या ऑफिसात मे महिना लागला की माणसं माणसांत राहत नसत. पालघर स्टेशनाजवळ एका भातगिरणीच्या माडीवर आमचं ऑफिस. आयकराचे रिटर्न जूनअखेर भरायचे, आणि गिऱ्हाइकं अशी बिलंदर की वर्षभर तोंड दाखवायची नाहीत आणि मे उजाडला की पिशव्याच्या पिशव्या पावत्या आणून टेबलावर ओतायची. गवताचे व्यापारी, गिरणीवाले, सातपाटीचे बोटवाले. त्यात तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं आणि विटा-खडी पुरवणाऱ्या कंत्राटदारांची भर पडली. सगळे करवादायचे. मला मात्र सीझन आवडायचा. कारण सांगते, त्यात लाजायचं काय? सीझनमध्ये ताळा असायचा.

ताळा म्हणजे दोघांचं काम. एकाने कीर्दीतल्या रकमा वाचायच्या, समोरच्याने त्या खतावणीत हुडकून लाल पेन्सिलीने खूण करायची. वाचणारी मी, खुणा करणारे वामनराव सावे. वर्षानुवर्षं हीच जोडी. खिडकीजवळचं टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. मी हळू वाचायची, ते मान खाली घालून खुणा करायचे. मोठ्याने बोलायची मला सवयच नाही. बायकांचा आवाज ओटीपर्यंत जाता कामा नये, असा आमच्या घरचा दंडक. वामनराव एकदा म्हणाले होते, राऊतबाई वाचतात ते शेजारच्या टेबलालासुद्धा कळत नाही. ते वाक्य मी जपून ठेवलं होतं.

बहिणींची लग्नं करता करता त्यांचं लग्न राहून गेलं होतं, आणि वडलांचं दुखणं काढता काढता माझं. आमच्यात कधी कुणी काही बोललं नाही. केळव्याच्या वाडीतून ते अधूनमधून माझ्यासाठी अळूची जुडी आणायचे. लोक फुलं देतात, आमचं हे अळू! पण त्याच्या वड्या मी भावाच्या पोरांच्या हातीसुद्धा लागू दिल्या नाहीत. यावरून काय ते समजा.

आणि त्या वर्षी विजया मेहेर आली. मुरब्याची, नुकती मॅट्रिक झालेली. सातपाटीच्या बोटवाल्यांची खाती वाढली म्हणून साहेबांनी तिला घेतलं. होडीनं खाडी ओलांडून सातपाटीला यायची आणि तिथून एस.टी.नं पालघरला. दिसायला नीटस, कामाला चलाख, ते नाही म्हणत नाही. पण आवाज! किनाऱ्यावरून होडीतल्या माणसाशी बोलायची सवय असलेली पोर ती, साधं ‘शाई संपली’ म्हणाली तरी खालची गिरणी थांबायची. सगळे हसायचे. मीही हसायची, तिची खुर्ची माझ्यापासून लांब होती तोवर.

मग एका गिरणीच्या हिशेबात घोळ झाला. ताळा आम्ही केलेला, तरी भलत्याच रकमांवर खुणा पडल्या होत्या. साहेब दोघांना बोलले. वामनरावांनी चूक आपली म्हणून सांगितलं आणि मी मनात म्हटलं, बघा, माझ्यावर बोट येऊ दिलं नाही माणसाने. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने साहेबांना जाऊन सांगितलं की यापुढे वाचायला विजयाला द्या.

माझी खुर्ची, माझं टेबल, आणि तिथे ती बसून ओरडतेय. हो, ओरडतेय! ‘पेंढा, जमा’ वाचायची तर अशी, की जिन्यातल्या माणसाला वाटावं पेंढा विकायला आलाय. आणि वामनराव? ते हसायचे. माझ्याबरोबर बसून ते इतक्या वर्षांत कधी असे मोकळे हसले नव्हते. मधेच मान वर करून तिच्या तोंडाकडे बघायचे. माझ्याकडे बघायला तेव्हा त्यांना लाज वाटायची आणि आता चांगलं टक लावून बघणं चाललं होतं. मी जळत होते. जळत होते म्हणजे अगदी जेवणावरची वासना उडून. एका दुपारी तिच्या पिशवीतून अळूची पानं डोकावताना पाहिली आणि त्या दिवशी माझ्या हातून बेरीज म्हणून एक धड झाली नाही.

मी ठरवलं, माझी जागा मला परत हवी. बाकी जगात मला काही नको होतं.

देवाने लवकरच संधी दिली. कंत्राटदारांसाठी साहेब बोईसरला स्टेशनाजवळ एक खोली घेत होते. तिथे कुणाला बसवावं, हा त्यांना प्रश्न. मी अगदी मध लावून म्हटलं, विजयाला पाठवा. मुरब्याहून होडी, मग एस.टी., तरण्या पोरीचे केवढे हाल. बोईसर खाडीच्या तिच्याच बाजूला, तिला सोयीचं पडेल. साहेबांना माझं मन मोठं वाटलं. तसं ते म्हणालेही.

विजया जाण्याआधी माझ्याजवळ आली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता.

“बाई, तुमी वामनकाकांना मोठ्यानं वाचा हां. त्यांच्यासमोर बसून हळू नका वाचू.”

कालची पोर मला शिकवतेय! मी तिला म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून मला आकडे वाचता येतात.

सोमवारी मी माझ्या खुर्चीत बसले. नवी साडी नेसले होते, कुणाच्या लक्षात आलं नाही ते सोडा. वामनराव म्हणाले, करायचं ना सुरू? चेहरा उतरलेला होता. तिच्यासाठी उतरलाय, असं वाटून माझ्या अंगाचा पुन्हा भडका उडाला. मी वाचू लागले. एक रक्कम, खूण. दुसरी रक्कम, खूण. मग विजया मनात आली आणि मी वाचायची थांबले.

पेन्सिल थांबली नाही.

मी गप्प बसून बघत राहिले. मान खाली, आणि लाल खुणा एकापाठोपाठ एक पडत होत्या. मी न वाचलेल्या रकमांवर. पान संपलं तेव्हा ते पान उलटायला लागले. मी खतावणीवर हात ठेवला.

त्यांनी वर पाहिलं आणि मला समजलंय हे त्यांना कळलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग अगदी खालच्या आवाजात सांगितलं, की गेल्या पावसाळ्यापासून ऐकू येणं कमी होत चाललंय. समोरच्याचं तोंड दिसलं तर भागतं, मान खाली घातली की सगळं बंद. मागच्या वर्षी आमच्या गुमास्त्याचे डोळे गेले तेव्हा साहेबांनी त्याला नारळ दिला होता, ते आम्ही दोघांनी पाहिलं होतं. विजयाचा आवाज मुळातच मोठा. ती ओरडली तरी लोक तिलाच हसायचे, त्यांच्या कानांचा संशय कुणाला येत नसे.

“मला का नाही सांगितलंत?” माझं तोंड त्यांना दिसेल असं समोर होऊन मी विचारलं.

“तिलाही सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले. “तिला पहिल्याच दिवशी कळलं.”

यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं त्या माणसासमोर बसून मी काय बघत होते? त्यांच्या सदऱ्याचं कुठलं बटण बदललंय हे मला माहीत, आणि कान गेलेत ते माहीत नाही! आणि ती, कालची, एका दिवसात ओळखून मोकळी. खरं सांगते, त्यांच्या कानांचं दुःख मला नंतर झालं. आधी तिचाच राग आला.

मोठ्याने वाचायचा विचार मी केला. पण राऊतबाई ओरडायला लागली तर साहेब तिसऱ्या मिनिटाला येऊन विचारणार, बाई, काय झालं? आणि दुसरी कुणी वाचायला दिली तर गिरणीसारखा घोळ पुन्हा. वामनरावांची नोकरी एकाच आवाजाने टिकणार होती आणि तो मी बोईसरला धाडला होता.

मी साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, बोईसरला मोठी गिऱ्हाइकं येतात, ती पोरगी कच्ची आहे, तिला परत बोलवा, मी जाते. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, तुमचा काही नेम नाही, राऊतबाई. पण मान्य केलं.

विजया परत आली त्या दिवशी मी माझा डबा, छत्री आणि शिक्क्यांची पेटी घेऊन निघाले. ती माझ्या खुर्चीमागे कीर्द घेऊन उभी होती. वामनराव मान खाली घालून कालचं पान तपासत होते. मी जरा वाकले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, “वामनराव, मला इथेच बसायचं होतं. जन्मभर.”

पेन्सिल चालूच राहिली. पण विजयाचे डोळे भरून आले होते. तेवढंही तिलाच ऐकू गेलं.