रबराची गुळगुळीत बाजू

वच्छलानं सुरा पाण्यात बुडवला, रबरावर टेकवला आणि दोन्ही हातांनी ओढला. जाड पट्टा हळूहळू चिरत गेला. तबेल्याच्या दारात कुबडीवर रेललेला तिचा नवरा ग्यानबा म्हणाला,

"सरळ धर. सुरा कोरडा झाला का रबरात अडकते."

तबेल्याच्या फरशीवर अंथरायला लालसिंग मालकांनी कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधून यंत्रांचे मोडीतले पट्टे ट्रकनं आणवले होते. ट्रकचे टायर नको, असं ग्यानबानंच सांगितलं होतं. टायर फुगीर असतो, घोड्याचा खूर त्यावर वाकडा पडतो. पट्टा सपाट बसतो. तरुणपणी आठ वर्षं त्यानं जिनिंगमध्ये हेच पट्टे जोडले होते. मेडशी गावात या कामाला दुसरा माणूस नव्हता. पण त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून हात वच्छलाचे.

तीन वर्षांपूर्वी याच दगडी फरशीवर, मालकांच्या घोड्याला धुताना ग्यानबा घसरला होता. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा मालक दारातूनच बोलले होते, "डोये उघडे ठेवून चालाव लागते." पुढं ना औषध, ना विचारपूस. दुसऱ्या दिवशी दुसरा गडी कामावर. आणि आता त्याच घोड्याचे गुडघे सुजले, तर वाशिमहून जनावरांचा डॉक्टर आला आणि आठवड्याच्या आत रबर.

पट्ट्याच्या एका अंगाला कापडाची खरबरीत वीण होती, दुसऱ्या अंगाला काळं, गुळगुळीत रबर. वच्छलानं पहिला पट्टा गुळगुळीत बाजू वर करून टाकला.

"उलटा पडला," ग्यानबा म्हणाला.

"उलटा नाही पडला. मीच टाकला."

ग्यानबा कुबडी टेकत एक पाऊल आत आला.

"पट्टा वल्ला झाला का घोडा तंगड्या वर करून पडीन," ती म्हणाली. "समजू दे मालकाले, हाड मोडनं काय असते."

"घोड्याच्या हाडानं मालकाले काय समजते?" ग्यानबानं आवाज खाली आणला. "अन् त्या मुक्यानं आपलं काय केलं? मी खाली पडलो तवा थो पाय वर धरून उभा राह्यला होता. माह्यावर ठेवला असता तं मी उठलोच नसतो."

वच्छलानं ओठ आवळले आणि पट्टा उलटवला. मग दिवसभर ती कडेच्या लाकडांवर खिळे ठोकत राहिली, प्रत्येक घाव गरजेपेक्षा जोरात.

उन्हं कलताना लालसिंग आले. रबरावर टाच दाबून पाहिली, खूश झाले. गव्हाणीपुढच्या उघड्या जागेशी मात्र थांबले.

"इथं थे चकचकीत बाजू वर घ्या. कापड शेन धरते. सकायी मी इथंच उभा राहून खरारा करतो. माह्या वहाना कायले खराब करू?"

ग्यानबानं तोंड उघडलं.

"मालक, पान्यानं थे..."

"मालक म्हनतात तसंच करू," वच्छला मधेच बोलली आणि तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

त्या दिवसातलं सगळ्यात निगुतीचं काम तिनं ते केलं. दोनदा मापून पट्टा कापला, कुठं सुरकुती राहू दिली नाही, शेवटी ओल्या फडक्यानं पुसून लखलखीत केला. ग्यानबा दोनदा खाकरला.

चार दिवसांनी सकाळी ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मालकांच्या तबेल्याकडून आरडाओरडा ऐकू आला. माणसं धावली. कोणीतरी ओरडलं, "बाज आना रे, बाज! उचलून न्या लागते!"

आत ग्यानबा कुबडी चाचपत उठला.

"घोडा पडला काय वं?"

वच्छलाच्या हातातलं सूप थांबलं नाही.

"घोडा कायले पडीन?" ती म्हणाली.