टॅकेटांनी नदी ओलांडली त्याची गोष्ट

“आता जे सांगतोय, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” ओरिन टॅकेट म्हणाला. पॅनकेकने तोंडं भरलेल्या मंडळींनी खुशीत माना डोलावल्या. विश्वास न ठेवायलाच तर ती जमली होती.

पोर्टर्स लँडिंगमध्ये संस्थापक दिनाची सकाळ अशीच उजाडते. मिसूरी नदीकाठचं आमचं शहर लहान म्हणावं तर त्याला दोन पूल आहेत, मोठं म्हणावं तर दोन्ही पुलांवरून लोक बाहेरच जातात. बुटांचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून पूर्वजांखेरीज आमच्याकडे मिरवण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून अग्निशमन केंद्रात न्याहारी होते आणि जुन्या घराण्यांतली म्हातारी माणसं पूर्वजांच्या बाता मारतात. थाप चालते, पण पकडलेली चालत नाही. पकडणाऱ्याने तव्यावर उलथनं बडवायचं आणि सगळ्यांदेखत बोलायचं. जिची थाप पचली, ती व्यक्ती मिरवणुकीत पहिल्या गाडीवर लगाम धरून बसते. पकडली गेलेली सगळी शेवटच्या गाडीत.

ओरिनचा जन्म शेवटच्या गाडीत गेला होता. तिथून मिरवणूक दिसत नाही; पुढच्या घोड्यांनी रस्त्यात काय काय टाकलंय, तेवढं दिसतं. आणि यंदा डॉक्टरांनी त्याचे गुडघे बघून बजावलं होतं, पुढच्या वर्षीपासून गाडीवर चढायचं नावही काढू नका. पहिली गाडी आज मिळाली तर मिळाली.

“माझे पणजोबा एझ्रा ओहायोहून निघाले. बैल आठ, बायको एक, सासू एक. ओझं कुणाचं जास्त, ते बैलांना विचारा.”

“ओरिन, सासू गेल्या वर्षी वाटेतच मेली होती की रे!” मागून कुणीतरी ओरडलं.

“यंदा जरा बरं आहे तिला,” ओरिन म्हणाला.

हशा पिकला. फक्त डेल्फा हॉर्नबकल हसली नाही. पहिली गाडी गेली कित्येक वर्षं तिचीच होती, आणि आज तवाही तिच्याच हाती होता.

“मिसूरीला महापूर! बाकीचे काठावर गळे काढून रडतायत. पणजोबांनी काय केलं? सासूबाईंनी भाजलेला मक्याचा पाव गळाला लावला आणि घोड्याएवढा मिशाळ कॅटफिश धरला. तो पाव खाऊनही मासा जिवंत राहिला, यावरून त्याची ताकद ओळखा! त्याला जुंपलं गाडीला. मध्यावर मासा दमला, तशा सासूबाई त्याच्याशी दोन शब्द बोलल्या. जीव घेऊन पळाला बिचारा! पैलतीरी चाक टेकलं, आणि तिथंच, अगदी याच जागी, पणजोबांनी खुंट ठोकला. झालं आपलं गाव!”

टाळ्यांनी छत दणाणलं. गुडघे धरत ओरिन उठलाही. दाराबाहेरच्या पहिल्या गाडीकडे एक पाऊल पडलं असेल नसेल, तोच तवा खणाणला.

“मासा मला मान्य आहे,” डेल्फा म्हणाली. “सासूही मान्य. पण म्हाताऱ्या, ओहायो पूर्वेला, आणि आपलं गावही पूर्वेच्याच काठावर! नदी ओलांडलीय कुणी? तुझ्या पणजोबांनी नाही, माझ्याही नाही. पाणी बघून सगळ्यांचे पाय लटपटले, म्हणून तर हे गाव वसलं! चल, शेवटच्या गाडीत सरकून बस. इतकी वर्षं मीही नदी ओलांडल्याचीच थाप मारत आले, तेव्हा मीही येतेय.”