भुंगा कान का झाकत होता

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर चांगलीच वैतागलेली फळी आहे. झाड होते तेव्हाचं मला काहीच आठवत नाही, त्यामुळे वाऱ्याच्या आणि पाखरांच्या गोष्टी माझ्याकडे मागू नका. माझी आठवण सुरू होते ती सुताराच्या रंध्यापासून.

सलूनमध्ये आरशाखाली कप्पे बसवताना लाकडाचा एक तुकडा उरला, तोच मी. "टाकू नको, पोरांना बसायला फळी कर," असं दुकानाचे मालक म्हणाले. सुताराने माझे कोपरे गोल घासले, वर मऊ गादी ठेवून लाल रेक्झिन ठोकलं. मालक स्वतः माझ्यावर बसले, दोनदा हलून बघितलं आणि म्हणाले, "मला पेलते, मग पोरांचं काय घेऊन बसलास!"

माझं काम तुम्हाला ठाऊक असेल. सलूनमधल्या मोठ्या खुर्चीच्या दोन हातांवर मला आडवी ठेवतात आणि माझ्यावर लहान मुलाला बसवतात. मग त्याचं डोकं कात्रीच्या उंचीला येतं. तुमच्यापैकी बरेच जण अशा कुठल्या तरी फळीवर बसले असाल. बसलात, रडलात आणि विसरलात. आम्ही फळ्या विसरत नाही.

वरून केस पडतात, ते सगळ्यांना दिसतं. खाली काय होतं, ते फक्त मला कळतं. घामाने चिकटलेल्या मांड्या मला कळतात. ताठ झालेल्या पोटऱ्या कळतात, आणि तोंडाने "मी नाही घाबरत" म्हणणाऱ्याचे थरथरणारे गुडघेही कळतात. वर आरशात शूर, खाली पायांत कापरं! पण मला तोंड नाही. हेच माझं दुखणं.

आणि आईबाप! किती तऱ्हा पाहिल्या, काय सांगू. "गप्प बस, नाहीतर इथेच सोडून जाईन," म्हणणारे पाहिले. "रडला नाहीस तर आइस्क्रीम," म्हणणारेही पाहिले. त्यांची पोरं पुढच्या वेळी दारातूनच रडत यायची, म्हणजे आइस्क्रीम पक्कं. एक बाबा दुधाचे दात पडायच्या आधीच्या पोराला समजावत होते, "बाळ, केसांमध्ये नसा नसतात." बाळाने त्यांच्या चष्म्यावर लाथ मारली. एक मावशी भाच्यासमोर नाच नाच नाचली आणि शेवटी तीच दमून बाकावर बसली. कोणाचा धाक, कोणाचा खाऊ, कोणाचा मोबाइल. सगळे बोलायचे ते पोराच्या डोक्यावरून, एकमेकांशी. माझ्यावर बसलेल्या जिवाला कोणी काही विचारायचं नाही.

मालकांना मुलं कात्रीकाका म्हणायची. हात फार हलका. माझी काळजीही घ्यायचे. प्रत्येक पोर उतरलं की केस झटकायचे, ओल्या फडक्याने पुसायचे. "ही फळी म्हणजे माझा उजवा हात," असं गिऱ्हाइकांना सांगायचे, तेव्हा माझ्या लाल रेक्झिनला आणखी रंग चढायचा. हल्ली मी दाराच्या मागे भिंतीला टेकून उभी असते. समोरच्या नव्या दुकानात मोटारीच्या आकाराच्या खुर्च्या आल्यात, मुलं तिकडेच पळतात. माझं रेक्झिन फाटलंय, आतला स्पंज डोकावतोय. पण आजचा वैताग त्याचा नाही. वैताग आहे तो भुंग्याच्या गोष्टीचा.

भुंगा पहिलीतला मुलगा. तोंडाने सतत काहीतरी गुणगुणत असायचा, म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवलं. पहिल्यांदा माझ्यावर बसला तेव्हा त्याची गुणगुण माझ्या लाकडात उतरली. मला गुदगुल्याच झाल्या. याआधी आई घरीच त्याचे केस कापायची. त्या दिवशी बाबा घेऊन आले. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठलीतरी लिफ्ट अडकल्याचा फोन आला म्हणून ते बाहेर गेले, आणि त्याच वेळी काकांनी आपली नेहमीची युक्ती काढली.

ही युक्ती आधी समजून घ्या. काकांच्या डाव्या कानाची वरची कड जन्मापासूनच नाही. त्याचा त्यांनी उपयोग करून घेतला होता. चुळबुळ करणाऱ्या प्रत्येक पोराला ते कान दाखवायचे.

"हा बघितलास? तुझ्याएवढा होतो मी. केस कापताना हललो. कच्च! तुकडा गेला केराबरोबर. आता बस हं नीट."

बहुतेक पोरं खुदकन हसायची. काही जरा टरकायची आणि नीट बसायची. काकांचं काम पटकन उरकायचं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हो. पण भुंगा हसला नाही. त्याची गुणगुण थांबली. त्याने आरशात काकांच्या कानाकडे पाहिलं, मग खाली फरशीवरच्या केसांच्या ढिगाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गळ्याला बांधलेल्या कापडाखालून त्याचे दोन्ही हात हळूच वर आले आणि कानांवर घट्ट बसले. कात्री जवळ येताच त्याने अशी किंकाळी फोडली की बाकावरच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं.

बाबा धावत आत आले. "काय झालं?"

"काही नाही हो," काका म्हणाले. "अजून हातच लावला नाही मी."

ते खरंच बोलत होते. आणि मी खाली पडल्या पडल्या ओरडत होते, अहो, गोष्ट सांगितलीत ती विसरलात का? पण लाकडाचं ओरडणं ऐकणार कोण?

मग सुरू झाली एकेकाची शहाणपणाची पाळी.

आधी भुंग्याचे आजोबा त्याला घेऊन आले. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. "आईच्या लाडाने बिघडलंय पोर. सावधान म्हटलं की कसं बसत नाही बघतो." सावधान म्हटल्यावर हात मांड्यांवर यायला हवेत. भुंग्याचे हात कानांवर गेले. आजोबांनी तीनतीनदा सावधान म्हणून पाहिलं. शेवटी बाकावरचा एकजण म्हणाला, "आता विश्राम म्हणून बघा."

नंतर आई आली. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिने बरंच वाचलं होतं, मुलांना वाढवण्यावरची भाषणं ऐकली होती. "तो हट्टी नाहीये. त्याला आवाज सोसत नाही. बघा ना, कानच झाकतो." मला वाटलं, आली बाई जवळ! आता एक पाऊल पुढे ये, विचार त्याला! पण तिने पिशवीतून कापूस काढला आणि आवाज लागू नये म्हणून त्याच्या कानांत घालायला गेली. ज्या कानांसाठी पोर जिवाच्या आकांताने लढत होतं, त्यांनाच हात! भुंग्याने तिला बोचकारलं. ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मी इतकं समजून घेते, तरी असा वागतोस?"

सांगा, मित्रांनो, मी वैतागू नको तर काय करू?

घरी काय चालायचं ते मला दिसत नव्हतं, पण माझ्या डोक्यावर तिघांची जुंपायची त्यावरून कळायचं. बाबा म्हणायचे, "मुद्दाम करतो. चार लोकांत माझी शोभा होते." आई म्हणायची, "तुला लोकांचंच पडलंय." आजोबा म्हणायचे, "दोघांचंही चुकतंय." भुंगा मध्ये उभा असायचा, केसांच्या आडून एकेकाचे बूट बघत. कोण बोलतंय ते तो बुटांवरून ओळखायला शिकला होता.

तोवर केस डोळ्यांत जाऊन डोळे लाल झाले. डॉक्टर म्हणाले, केस बारीक करा, नाहीतर डोळ्यांचं दुखणं वाढेल. मग बाबांनी ठरवलं, आता पुरे.

त्या दिवशी बाबांनी त्याचे दोन्ही हात मनगटांपाशी धरले आणि आजोबांनी पाय. काका कुरकुरले, "साहेब, असं नको. हातात कात्री आहे माझ्या."

"उरका हो तुम्ही."

आई दाराकडे तोंड करून उभी राहिली. भुंगा आधी किंचाळला, मग त्याचा आवाज बसला, मग तो एकदम गप्प झाला. माझ्यावर बसलेलं ते अंग लाकडाहून लाकूड झालं. केस कापून झाले. बाबांनी घाम पुसला. "बघितलंस? एकदा धरलं की विषय संपतो."

विषय संपला नव्हता. तो माझ्यावर बसून होता.

केस वाढल्यावर सगळे परत आले. भुंगा आपणहून खुर्चीवर चढला, माझ्यावर बसला, हात मांडीवर ठेवले. चूं नाही की चां नाही.

"शाब्बास रे जवान!" आजोबा म्हणाले.

"माझं बाळ शहाणं झालं," आई म्हणाली, पण तिचा आवाज जरा ओढलेला होता.

बाबा आरशात बघून हसले. "उगाच पुस्तकं वाचत बसलीस तू."

काकांची कात्री सुरू झाली. वर सगळा आनंद आणि खाली मी एकटी. भुंग्याचे गुडघे एकमेकांत रुतले होते. श्वास तो घेतच नव्हता म्हटलं तरी चालेल. उजवी बाजू कापून झाली, काका डावीकडे वळले, आणि माझ्या रेक्झिनवर ऊन ऊन ओल पसरली. कडेवरून खाली खुर्चीवर टपटप गळू लागली.

"अरे!" बाबा ओरडले. "एवढा घोडा झालास, लागली तर सांगता येत नाही?"

बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. आईने टॉवेल ओढला आणि खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. त्याचे पाय पुसू लागली. आता तिचं तोंड भुंग्याच्या तोंडाच्याही खाली होतं. त्या दुकानात पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्याकडे खालून वर पाहत होतं, आणि मुख्य म्हणजे, गप्प होतं.

ओठ जेमतेम हलवत भुंगा म्हणाला, "आई, मी हललो नाही ना?"

"नाही रे राजा."

"मग दोन्ही आहेत?"

"काय दोन्ही?"

"कान."

आईचा हात थांबला. "कानांना काय होणार आहे?"

"काकांचा गेला ना. ते लहानपणी हलले म्हणून. केरात गेला."

सगळ्यांनी काकांच्या कानाकडे पाहिलं. काकांनी कात्री आरशाखाली ठेवली. "अहो ताई... मी गंमत म्हणून... सगळ्याच पोरांना सांगतो मी."

बाबा पुढे आले. "आणि हे आत्ता सांगतोस? इतके दिवस मूग गिळून बसला होतास?"

"तू माझे हात धरले होतेस, बाबा," भुंगा म्हणाला. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "कान उघडे होते."

दोन्ही पंजे उघडून बाबा त्यांच्याकडेच बघत राहिले.

काका खुर्चीशी वाकले. "जन्मापासूनच असा आहे बघ हा. कात्रीने नाही गेला. माझं चुकलं. हात लावून बघतोस?"

भुंग्याने एक बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. "दुखतो?"

"छे."

"मग खोटं का सांगितलंत?"

काकांनी मान खाली घातली. "पोरं नीट बसावीत म्हणून." मग म्हणाले, "उरलेली बाजू करू या आता?"

भुंग्याने मान हलवली. "नको. आज नको."

आजोबांना राहवेना. "अरे पण असं अर्धवट डोकं घेऊन रस्त्यातून—"

"राहू द्या, अण्णा," बाबा म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हाताने गळ्याचं कापड सोडलं, मानेवरचे केस फुंकरीने उडवले. भुंग्याला त्यांनी उचललं नाही. बोट पुढे केलं आणि वाट पाहिली. बराच वेळ ते बोट तसंच हवेत होतं. मग भुंग्याने ते धरलं.

दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं दिसलं. पोराची एक बाजू कापलेली, दुसरीवर झुलपं, कमरेला सलूनचा टॉवेल. बेकरीवाला हसून ओरडला, "काय हो, कात्री मोडली का मधेच?"

चार लोकांना इतका भिणारा तो माणूस थांबला आणि म्हणाला, "नाही. त्याला आज एवढंच जमलं."

उरलेली बाजू कधी कापली, कुठे कापली, मला माहीत नाही. भुंगा त्यानंतर माझ्यावर कधी बसला नाही. मला वाईट वाटतं, पण त्याला बोल लावणार नाही. काकांनी मला घासून पुसली, उन्हात ठेवली. आता एखादं चुकलंमाकलं पोर आलंच आणि चुळबुळ करू लागलं की त्यांची जीभ सवयीने "हा कान बघि..." पर्यंत जाते आणि मागे फिरते. कामाला उशीर होतो, ते चिडचिड करतात. करू देत.

मित्रांनो, मोठी माणसं दुष्ट नसतात. फार घाईत असतात. म्हणून तुम्हीच सांगत जा, अडखळत का होईना, उलटसुलट का होईना, जमेल तेव्हा. आणि उद्या तुम्ही आईबाप व्हाल. तुमचं पोर भर दुकानात गळा काढेल, लोक बघतील, तुमचे कान तापतील. तेव्हा ते पोर कसं आहे, हट्टी का हळवं, लाडावलेलं का घाबरट, हे आपापसांत ठरवत बसू नका. खाली बसा, त्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत कात्री बाजूला ठेवा.