टॉवेलाखालची रेकॉर्ड

आजोबा बाथरूममध्ये दोनदा पडले, तरी एकटं राहण्याचा हट्ट सोडत नव्हते. नातीने महिनाभर त्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे ते काकाचं घर नुसतं बघून यायला तयार झाले. तेही अट घालून. "माझ्या रेकॉर्डी धड असतील, तर माझंही धड होईल असं समजेन," ते म्हणाले होते. आज बिनसलं तर ते पुन्हा विषय काढू देणार नव्हते, आणि तिसऱ्यांदा पडले तर उचलायला घरात कुणी नव्हतं.

आजोबांच्या भिंतींना ओल आली, तेव्हा रेकॉर्डी काकाने कपाटासकट आपल्याकडे नेल्या होत्या. काकाची लाँड्री होती, वर घर. त्याच्याइतकी कोरडी जागा दुसऱ्या कुणाकडे असणं शक्यच नव्हतं.

वर आजोबा जेवायला बसले तशी नात खाली सटकली. इस्त्रीच्या टेबलांमागची खोली तिने उघडली आणि दारातच थांबली. भिंतभर रेकॉर्डी! लहानपणी या कपाटाला कायम कुलूप. आत एवढा खजिना असेल, असं तिला वाटलंच नव्हतं. चादरीखाली प्लेअरही होता. तिने कडेची एक रेकॉर्ड पाकिटातून काढली. तबकडीला लाट आली होती. मागच्या भिंतीवरून वाफेचा पाइप गेला होता.

"काका! हे काय झालंय?"

काकाने रेकॉर्ड उलटसुलट केली. "थोडी चुरगळलीय."

"चुरगळायला हा काय शर्ट आहे?"

"बाकीच्या बऱ्या आहेत गं. पाइपाला टेकलेली ही एकच." मग त्याने पाकीट वाचलं आणि मटकन बसला. "व्हायोलिनची. बाबा पहिली हीच मागणार."

वरून काकूचा आवाज आला, "अजून थोडं घ्या ना!"

"सूनबाई, हे पोट आहे, गोदाम नव्हे," आजोबा म्हणाले. खुर्ची सरकली.

काका उठला. "आजवर एकही सुरकुती मला हरवून गेलेली नाही," म्हणत त्याने इस्त्रीचा प्रेस तापवला. नात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. उष्णतेवर तिचं एक अख्खं प्रकरण होतं. ती म्हणाली, "मंद ठेव. आणि वरखाली टॉवेल घाल." शिक्षण ऐन वेळी माणसाला सोडून जातं, ते असं.

प्रेस फुसकारला. जिन्यावर काठी वाजू लागली. काकाने झाकण उचललं, टॉवेल सोलून काढला. रेकॉर्ड पाटासारखी सपाट झाली होती. काकाचा चेहरा खुलला. नातीने ती उजेडात तिरकी धरली, आणि तिचा उतरला. तोवर आजोबा दारात होते.

"आण इकडे."

नाही म्हणायची सोय नव्हती. आजोबांनी कडा धरून रेकॉर्ड लावली, सुई टेकवली. खर्रर्र. सुई घसरत घसरत मधल्या लेबलापर्यंत गेली. त्यांनी ती उचलली. रेकॉर्डवर उमटलेल्या टॉवेलच्या विणीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. काकाला घाम फुटला, आणि तो वाफेचा नव्हता.

"टॉवेल कुठला?" आजोबांनी विचारलं.

"हॉटेलचा," काका चाचरत म्हणाला. "जाड. चांगल्यातला."

"दोघांनी मिळून केलंत?"

नातीने मान हलवली. संपलं, तिच्या मनात आलं. आता गाडी काढायची आणि यांना परत त्या बाथरूमपाशी सोडायचं.

आजोबांनी कपाटाकडे पाहिलं, मग आळीपाळीने या दोघांकडे. दुधाच्या राखणीला आपण मांजर बसवलं होतं हे आत्ता कळल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"वरची रिकामी खोली माझी ना? हे सगळं तिथे न्या. माझे कपडे उद्या आणा. या रेकॉर्डी तुमच्या हवाली करून मी आता कुठेही जात नाही."

"बाबा, म्हणजे तुम्ही राहणार?"

"उभ्या धर, गाढवा! आडव्या नाही! आणि तू गं, प्रोफेसर, प्रेसचं बटण बंद कर आधी."