सुमंगलेच्या कमरेवरची मी

मित्रांनो, आमच्या घरच्या सुनेला बोलायची रीत नव्हती. ऋतिका तिचं नाव. आरोग्य केंद्रात नोकरीला. केंद्राच्या गाडीला भोंगा बांधून आमच्या सर्वण गावभर ओरडत फिरायची, "चाला! नाही चाललात तर साखर वाढेल, रोज सुई टोचून घ्यावी लागेल!" सगळ्या गावाला दटावायची, आणि घरात तिची सासू सुमंगला मखरात बसवल्यासारखी एका जागी. गाव हसणार नाही तर काय?

माझी ओळख सांगते. मी तांब्याची कळशी. वयाने जुनी, मानाने मोठी. डिचोलीच्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं, म्हणून मी कुणाचं ऐकून घेत नाही. शाळेत गेले ती मुलांना प्यायला पाणी घेऊन, तेवढंच माझं शिक्षण. सुमंगला हळर्णहून लग्न होऊन आली ती मला घेऊनच. रोज सकाळी आम्ही डोंगराखालच्या झरीवर जायचो. वाटेत गप्पा-गजाली, हसणं, चार भांडणंही. "झरीच्या पाण्यात कुळीथ लोण्यासारखे शिजतात," असं सारा वाडा म्हणायचा. मग नळ आला, प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि मला माळ्यावर उपडी घातली. पालींनी माझ्याखाली संसार थाटला. इकडे सुमंगलाही खुर्चीत रुतली.

एक दिवस साखळी गावच्या डॉक्टरांनी बजावलं, साखर उतरली नाही तर पुढच्या खेपेला सुई सुरू. सुमंगला सुईला भारी भिते. तरी उठेना. ऋतिकाने बूट आणले, भिंतीवर तक्ता चिकटवला, ओरडून घसा बसवून घेतला. शेवटी रडकुंडीला येऊन तिने विचारलं, "आई, तुमचं अडतंय तरी कुठे?"

"अगो, रिकाम्या हातांनी रस्त्याला लागले की दारादारांतून विचारतील, 'खंय गो चल्ली?' कुठे निघाले म्हणून सांगू? 'खंयच ना', कुठेच नाही, म्हणून? म्हणतील, म्हातारी चळली!"

ऋतिकाने सासूचं ऐकून घेतलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. मग माळ्यावर चढली, मला खाली काढलं, कोकमाच्या आंबट सोलांनी घासून लखलखीत केलं आणि म्हणाली, "आई, मला झरीच्या पाण्यातले कुळीथ खायचेत. आणाल कळशीभर पाणी?"

"अर्धी कळशी आणीन. आणि ते बूट घालीन हो, पण साडीखाली दिसता कामा नयेत!"

निघालो. पहिल्याच दारात शेजारची जानकी उभी.

"खंय गो चल्ली, सुमंगला?"

"झरीर!" काय तो सूर! जणू दिल्लीला निघाली होती.

"राव गो, हांवूय येतां. नळाच्या पाण्याचा चहा तो काय चहा!"

जानकीही कळशी घेऊन सोबत निघाली. आधी दोघी, मग चौघी, आणि हळूहळू झरीवर कळशी टेकवायला जागा मिळेना. ऋतिकाही शहाणी झाली. आता भोंग्यावर एवढंच म्हणते, "चला गो, झरीवर गजाली रंगल्यात!" पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, साखर उतरलीय, सुई तूर्त राहू दे. सुमंगला दवाखान्याच्या पायऱ्या उड्या मारत उतरली म्हणे. म्हणे कसलं, उतरलीच असणार.

म्हणून सांगते मित्रांनो, जुनी भांडी माळ्यावर उपडी घालू नका, त्यांना काम द्या. माणसांनाही द्या. आणि कुणाला जागचं उठवायचं असेल तर धाक घालू नका. पाऊल कशाला अडलंय ते आधी विचारा.

काल ऋतिका बायकांचे फोटो काढायला झरीवर आली. आली कशी? स्कूटरवर! सासू चालत आणि सून चाकांवर! आता मी काठोकाठ भरलेली, आणि भरलं भांडं वाजत नाही म्हणतात, तरी मला राहवलं नाही. मोठ्यानेच म्हणाले, "गो ऋतिका, विचारून बोलायला शिकलीस, बरी शिकलीस. पण गावाला चालवायचं ते स्कूटरवर बसून? उतर खाली, आणि घे मला कमरेवर!"