लहरी आणि डावा खांब

मी गोलचा खांब बोलतोय. दोन खांबांपैकी डावा. चेंडू घेऊन धावत येणाऱ्याच्या डाव्या हाताला जो उभा असतो, तो मी. उजवा खांब माझा जुळा भाऊ. आमच्या दोघांच्या डोक्यावर एक आडवा बार आहे, पण त्याच्याशी आमचं फारसं पटत नाही, कारण तो सतत वरून बोलतो.

माझा जन्म पत्र्याच्या शेडमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे जिन्याचे कठडे, दवाखान्यातल्या खाटा आणि गोलचे खांब एकाच जातीच्या नळ्यांतून कापले जायचे. माझ्या अलीकडचा तुकडा खाटेला गेला, पलीकडचा जिन्याला. कापणाऱ्याचा हात जरा सरकला असता तर मीही कुणाच्या तरी उशाशी निवांत पडून राहिलो असतो. पण नशिबात चेंडूचा मार होता. अंगावर पांढऱ्या रंगाचे दोन हात चढले आणि मला या मैदानात आणून पुरलं.

खांबाच्या जन्माला आल्यावर एक गोष्ट लवकर कळते. आपल्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. चेंडू आत गेला तर खेळाडूची पाठ थोपटतात, बाहेर गेला तर वाऱ्याला दोष देतात, आणि मला लागला की म्हणतात, हा मेला मध्ये कुठे आला! अहो, मी मध्ये येत नाही. मी तिथेच असतो.

माझ्या मागे जाळी, जाळीमागे लोखंडी कठडा, कठड्यामागे उभं राहून सामना बघायच्या तीन पायऱ्या आणि त्यांच्याही मागे मैदानाची उंच भिंत. त्या कठड्याला टेकून, अगदी माझ्या पाठीशी, एकाच घरातली तीन माणसं दर सामन्याला उभी राहायची. एक होती टेलरबाई. बायकांचे कपडे शिवायचं तिचं दुकान होतं. दुसरा तिचा नवरा, पेंटर. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तिसरा तिचा धाकटा दीर, त्याचं औषधाचं दुकान. तिघं यायची खेळ बघायला, पण त्यांचं निम्मं लक्ष भांडणात असायचं, आणि भांडण असायचं एकाच माणसावरून.

तो माणूस म्हणजे आमच्या क्लबचा फॉरवर्ड. त्याचं खरं नाव काहीतरी चांगलं होतं, पण सगळं गाव त्याला लहरी म्हणायचं. अंगात आलं की हा माणूस चार जणांच्या पायांतून चेंडू असा काढायचा, की ते चौघं एकमेकांकडे बघत राहायचे. आणि पुढच्याच सामन्यात याला बुटाची नाडी तरी बांधता येते का, अशी शंका यायची. समोर गोलकीपर नाही, आसपास कुणी नाही, जाळी आ वासून उभी, आणि लहरीचा चेंडू ठण्णकन माझ्या अंगावर. माझ्या डाव्या अंगाला जेवढे पोचे आहेत, ते बहुतेक त्याच्या कृपेचे आहेत.

दीर सुरुवातीला लहरीचा परमभक्त होता. हंगाम अर्धा सरला तशी भक्ती आटली. त्याचं म्हणणं औषधवाल्याचंच होतं. गोळी रोज एकाच ताकदीची लागते. आज पूर्ण ताकदीची आणि उद्या नुसत्या पिठाची, असल्या गोळीवर रोगी जगत नाही. त्याला विकून टाका आणि त्या जागी बेताचा पण भरवशाचा माणूस आणा, असं तो प्रत्येक हाफटाइमला नव्याने सांगायचा.

टेलरबाई म्हणायची, कापड उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण शिवणीला धरत नाही. असलं कापड कपाटात ठेवून बघायला छान, अंगावर घालून बाहेर पडलं की भर रस्त्यात उसवतं.

पेंटर बहुतेक गप्पच असायचा. फार झालं तर शेंगा सोलता सोलता म्हणायचा, "ते रोज रोज येत नाही."

"काय येत नाही?" ती विचारायची.

"ते."

एवढंच. मग तो पुन्हा शेंगांत डोकं घालायचा. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं इथे फॉरवर्डला बोले आणि नवऱ्याला लागे, असा प्रकार होता. बाई जेव्हा म्हणायची, "मनात आलं तर डोंगर हलवील, नाही आलं तर पांघरूण काढणार नाही," तेव्हा पेंटरची मान हळूहळू कॉलरमध्ये जायची. मैदानावर त्या वेळी लहरी पाणी पीत उभा असायचा. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसायचा, की आपल्या नावावर दुसऱ्याचाही मार जमा होतोय.

कारण पेंटरचंही तेच होतं. हात असा, की त्याने रंगवलेली वांगी बघून बायका दुकानात भाव विचारायच्या. पण काम पुरं होईल याची खात्री देव देणार नाही. खुद्द बायकोच्या दुकानाची पाटी त्याने हौसेने रंगवायला घेतली आणि 'लेडीज टे' इथे थांबला. पुढच्या अक्षराचं वळण मनासारखं जमत नव्हतं म्हणे. त्याला आता बरीच वर्षं झाली होती. गल्लीतली लहान मुलं तिला टेबाई म्हणायची, आणि तीही 'ओ' द्यायची.

त्या वर्षी क्लबच्या सेक्रेटरीला काय सुचलं कोण जाणे, त्याने माझ्या मागच्या भिंतीवर लहरीचं मोठं चित्र काढायचं काम पेंटरला दिलं. पेंटरने पाय रंगवले. काय पाय होते ते! पोटरीची शीर न् शीर दिसत होती. मी रोज खरे पाय बघतो, तरी मी फसलो. चित्रातला चेंडू आता पाठीत बसणार म्हणून अंग आखडून उभा राहिलो. मग धड झालं, हात झाले, मान झाली. आणि मानेवर येऊन पेंटर थांबला.

लोकांना तर आयतं मिळालं. लहरीने चेंडू आभाळात मारला की सगळा घोळका मागे वळून त्या बिनडोक्याच्या चित्राकडे बघायचा आणि म्हणायचा, हुबेहूब जमलंय, आता हात लावू नका.

सेक्रेटरी चिडला. पेंटरला विचारलं तर त्याने सांगितलं, "चेहरा अजून दिसत नाहीये." शेवटी सेक्रेटरीने निर्वाणीचं सांगितलं. हंगाम संपेपर्यंत डोकं आलं नाही तर भिंतीला चुना फासणार आणि छापील फलक लावणार. टेलरबाईने त्या दिवशी घरी जाईपर्यंत नवऱ्याला एक शब्दही ऐकवला नाही, असं दीरच नंतर कुणाला तरी सांगत होता. ती बोलत नाही म्हटल्यावर दोघे भाऊ तिच्यामागून चपला न वाजवता चालत होते.

हंगामाचा शेवटचा सामना आला. जिंकलो तर या लीगमध्ये राहणार, बरोबरी झाली तरी खाली घसरणार. मैदान गच्च भरलं होतं. पेंटरच्या पिशवीत ब्रश होते, पण भिंतीकडे त्याने बघितलंही नव्हतं. लहरीचा तर तो दिवसच नव्हता. पहिल्या अर्ध्यात त्याने दोन सोप्या संधी घालवल्या. एक चेंडू बाहेर, दुसरा पलीकडच्या गोलच्या खांबावर; तो ठण्ण आवाज मला इथवर ऐकू आला.

हाफटाइमला वरच्या पायरीवरून भोंगा बोलू लागला. भोंगा म्हणजे सायकलच्या दुकानाचा मालक. आवाज दांडगा, म्हणून हे नाव. तो फक्त मोठ्या सामन्यांना यायचा. भिंतीकडे हात करून तो म्हणाला, "रंगवलेला बिनडोक आणि रंगवणाराही बिनडोक. दोघांना आज एकाच गाडीने घरी पाठवा."

लोक हसले. पेंटरने शेंगांची पुडी दुमडून खिशात ठेवली, पिशवी उचलली आणि कुणाकडे न बघता तो फाटकाकडे निघाला.

मला वाटलं, आता बाईही आपली भर घालणार. तिचीच वाक्यं होती ती, फक्त दुसऱ्याच्या तोंडून आलेली. पण ती वळली आणि अगदी हळू आवाजात बोलली. इतक्या हळू, की ऐकायला आसपासचे लोक पुढे वाकले.

"लहरीला बोलायचं तर मी बोलते. माझ्याइतकं कुणी बोललं नसेल. पण मी दर सामन्याला इथे येऊन बोलते. तुम्ही गर्दी बघून येता." मग म्हणाली, "आणि आमच्या माणसाचं म्हणाल, तर माझ्या दुकानाची पाटी अर्धी आहे. ती अर्धी बघायला गिऱ्हाईक रस्ता ओलांडून येतं. तुमच्या दुकानावर पुरी आहे ना? कोणत्या रंगाची आहे, सांगा बरं."

भोंग्याने तोंड उघडलं. त्याला आठवेना. खरंच आठवेना. तो आपला शेजाऱ्याकडे बघायला लागला, आणि शेजाऱ्यालाही आठवेना.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही कुठे निघालात? अजून अर्धा खेळ बाकी आहे."

पेंटर परत आला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. दिराने त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. त्या घरात यालाच माफी मागणं म्हणत असावेत.

दुसरा अर्धा संपत आला तरी गोल नव्हता. मग समोरच्या संघातल्या एकाने आमच्या कप्तानाला गोलच्या अगदी जवळ पाडलं. पंचांनी पेनल्टी दिली. पेनल्टी कप्तान घ्यायचा, पण तो लंगडत बाहेर गेला होता. चेंडू लहरीच्या हातात आला.

मैदानात असा सन्नाटा पसरला, की मला जाळीची कुरकुर ऐकू येत होती. दिराने पाठ फिरवली. "वहिनी, मला बघवत नाही. झालं की सांगा." आणि तो भिंतीवरच्या बिनडोक्या लहरीकडे तोंड करून उभा राहिला.

लहरी धावत आला. चेंडू पायातून सुटला त्याच क्षणी मला कळलं. इतक्या वर्षांची ओळख आमची. गोलकीपरने बरोबर माझ्याच दिशेने झेप घेतली, चेंडू त्याच्या बोटांपुढून निघून माझ्या आतल्या अंगावर आदळला, उलटा फिरला, जमिनीवर पडलेल्या गोलकीपरच्या पाठीला लागला आणि काही घाई नसल्यासारखा गडगडत रेषेच्या आत गेला.

मग जो आरडाओरडा झाला, त्याने मी मुळापासून हललो. पण लहरी नाचला नाही. तो चालत आला आणि मला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. कपाळ माझ्यावर टेकलं. पलीकडे हातभर अंतरावर, जाळीच्या चौकटीतून, पेंटर त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. शेजारी त्याची बायको शेजारणीच्या गळ्यात पडून रडत होती, दीर कुणाच्या तरी खांद्यावर चढला होता, आणि हा मात्र चेंडू मला लागला तेव्हापासून पापणी न हलवता बघत होता.

क्लब वाचला. भांडण काही टळलं नाही. सामना संपून शिट्ट्या थांबायच्या आत नवा वाद सुरू झाला, की गोल कुणाचा? दीर म्हणाला, लहरीने मारला तो खांबाला, आत घातला तो गोलकीपरच्या पाठीने. पंचांच्या वहीतही समोरच्यांचा स्वयंगोल असाच लागला. टेलरबाई आता लहरीच्या बाजूने उभी. तिचं म्हणणं, सुई कुणी ओवली ते बघा, गाठ कुणी मारली त्याला काय महत्त्व? मला कुणी विचारलं नाही. मी मध्ये आलो नसतो तर काय झालं असतं, हा प्रश्न आजतागायत कुणाला पडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात कुणी नसताना पेंटर आला. शिडी लावली आणि दुपारपर्यंत भिंतीवर डोकं आलं. सेक्रेटरीला हसरा, विजयी चेहरा हवा होता. पेंटरने काढला तो चेहरा चेंडू खांबाला लागल्यानंतरचा आणि आत जायच्या आधीचा. काय होणार ते ठाऊक नसलेल्या माणसाचा. सेक्रेटरीने आधी नाक मुरडलं, मग बराच वेळ बघत राहिला आणि चुन्याची बादली परत पाठवून दिली.

टेलरबाई दुकान बंद करून आली. कमरेवर हात ठेवून तिने चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कान जरा मोठा झालाय," ती म्हणाली.

"त्याचा आहेच मोठा."

"हं," ती म्हणाली, आणि रंगाने भरलेला त्याचा हात आपल्या हातात घेऊन घरी गेली. त्या रंगाने तिची साडी खराब झाली, तरी तिने तो हात सोडला नाही.

नव्या हंगामाआधी माझी तपासणी झाली. पोचे फार झालेत, चेंडू कुठेही उडतो, असा शेरा मिळाला आणि भावासकट, त्या वरून बोलणाऱ्यासकट, मला उपटून मागच्या सरावाच्या मैदानात लावलं. वाईट वाटलं. इथे ना गर्दी, ना कठडा. नुसतं एक तारेचं कुंपण आहे.

पण सकाळी लहरी येतो. नव्या कोचने त्याचा नेम सुधारायला एक युक्ती काढलीय. गोल करायचा नाही, चेंडू मुद्दाम डाव्या खांबाला मारायचा. तो जीव तोडून नेम धरतो, आणि चेंडू माझ्या शेजारून सुंदर वळण घेत थेट जाळीत जातो. पुन्हा मारतो, पुन्हा जाळीत. कुंपणाबाहेर ती तिघं उभी असतात. दीर कपाळावर हात मारून म्हणतो, "बघा वहिनी, याला साधं खांबाला मारता येत नाही."

मंडळी, तुमच्याही घरात, दुकानात, कचेरीत असा एखादा लहरी असेल. त्याला खुशाल बोला. बोलल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही, ते मला माहीत आहे. पण बोलायचं तर दर सामन्याला हजर राहून, जवळ उभं राहून बोला.

आता मला जरा ताठ उभं राहू द्या. तो पुन्हा नेम धरतोय.